सासवण्याहून, पेणहून

सासवणे, बुधवार

ती. बाबांस,

गेटवेहून मांडव्याच्या बोटीनं आले आणि अलिबागच्या वाटेवर सासवण्यालाच उतरले. शिल्पकार वि. पां. करमरकरांचं (१८९१–१९६७) घर इथलंच. आता शिल्पालय झालंय. अंगणात म्हैस आहे, सिमेंटची. आत प्लॅस्टरचा गोतावळा. एका चेहऱ्याच्या कानामागे साच्याच्या जोडाची बारीक रेघ तशीच राहिलीय. पुण्यातला त्यांचा अश्वारूढ शिवाजी (१९२८) मान वर करून बघावा लागतो; ही माणसं नाकासमोर येऊन उभी राहतात. मला हीच जास्त आवडली.

करमरकरांनी पोरवयात गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराज रंगवले होते. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी ते पाहिले आणि पोराची रवानगी थेट मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाली. तिथं ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टर प्रती समोर ठेवून छायाप्रकाश घोटून घेत. शिकवणाऱ्यांत चित्रकार धुरंधर होते. तेही १८९० साली तिथंच दाखल होऊन त्याच तालमीत तयार झालेले. आणि गंमत बघा, याच रॉथफील्डसाहेबांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) पुस्तकातली चित्रं धुरंधरांची!

त्या परक्या पुतळ्यांनी आपल्या कलावंतांचा हात बिघडवला, असं तुमचे मित्र तावातावानं म्हणतात. त्यांना इथं आणा. धुरंधरांच्या नऊवारीतल्या बायका आणि इथली कोळीण, दोन्हींत हाडामांसाची जाण तिकडची असेल, पण माणसं अस्सल इकडची. डोळा तयार झाला की कुणाकडे बघायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

पेण, गुरुवार

आज गणपतीचे कारखाने पाहिले. करमरकरांचे वडीलही गणपती करायचे, म्हणून इथं यायचंच होतं. बादलीत कालवलेलं प्लॅस्टर रबरी साच्यात ओततात, साचा फिरवून ते सगळीकडे बसवतात. घट्ट होताना बाहेरून हात लावला तर कोमट लागतं. आखणीवाला एका दमात डोळा काढतो. बोललेलं त्याला चालत नाही.

शाडूवाले मात्र वैतागलेत. प्लॅस्टर पाण्यात विरघळत नाही, ही त्यांची तक्रार. सासवण्यात तेच प्लॅस्टर ओलीपासून जपावं लागतं.

उद्या एसटीनं निघते. आईला सांगा, पेणचे पोह्याचे पापड घेतलेत.

तुमची,
माई