बदामाचें गोत्र

आमच्या वडील बंधूंचें पत्र आलें तेव्हां आम्ही कॅलिफोर्नियांत कन्येच्या घरीं होतों. फेब्रुवारीचा मध्य होता आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस, पान फुटण्यापूर्वींच, बदाम फुलले होते. पत्रांतील मजकूर असा कीं, धाकट्या चिरंजीवांनीं सगोत्र मुलीशीं विवाह ठरविला आहे. घरांतील प्रोफेसर या नात्यानें आम्हीं त्यांस शास्त्राधार दाखवून परावृत्त करावें. कायद्याचा अडसर १९४६ सालींच निघाला असल्यामुळें शास्त्रच काय तें उरलें होतें. मुलगी आम्हीं एकदां पाहिली होती. परंतु दादांची आज्ञा मोडण्याची संवय आम्हांस नाहीं.

दृष्टांत दाराशींच उभा होता. बदामाच्या बहुतेक जातींचें फूल स्वतःच्या परागानें फळत नाहीं. म्हणून बागाईतदार दोन जातींच्या रांगा शेजारीं शेजारीं लावितात व मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानें आणितात. पण कोणत्याहि दोन जाती चालत नाहींत. सुईसून येथील हॅच यांनीं १८७९ सालीं निवडलेल्या 'नॉनपरेल' व 'आय-एक्स-एल' या नामांकित जातींचें एकमेकींशीं जमत नाहीं, हें टफ्ट्स यांनीं १९१९ सालीं दाखविलें. पराग पडतो, रुजतो, त्याची नळी फुलांत खालीं उतरूं लागते आणि वाटेंतच खुंटते. एकाच माणसाच्या बागेंतल्या दोघी! याहून बोलका पुरावा कोणता? आम्हीं चार पानें भरून काढिलीं.

पाकीट बंद करण्यापूर्वीं खातरजमा करावी म्हणून शेजारच्या बागाईतदारास गांठलें, आणि तेथेंच घात झाला. नॉनपरेलच्या जोडीस त्यानें 'कार्मेल' लाविली होती. आणि ही कार्मेल नॉनपरेलचीच संतति! बदाम कूळ पाहतच नाहीं. तो एका विशिष्ट जनुकाचे दोन प्रकार तेवढे पाहतो. नॉनपरेलजवळ सातवा व आठवा; आय-एक्स-एलजवळहि नेमके तेच, म्हणून दार बंद. कार्मेलजवळ पांचवा व आठवा. तिचा आठव्या प्रकारचा पराग अडतो, पांचव्याचा उतरतो, आणि त्या अर्ध्यावरहि झाडें लगडतात. जो संबंध ऐकून दादांनींच काय, आम्हींहि कानांवर हात ठेविले असते, तो येथें रांगोरांग राजरोस चालला होता.

चार पानें आम्हीं फाडून टाकिलीं. दादांना दुसरें पत्र लिहावयास तीन दिवस लागले. शास्त्राचा आडोसा नसतां त्यांस कांहीं लिहिण्याचा प्रसंग आम्हांवर कधीं आलाच नव्हता. त्यांत बदामाचें नांव नव्हतें. मुलगी आम्हांस पहिल्या भेटींतच आवडली होती, आणि हें आम्हीं तेव्हांच सांगावयास हवें होतें, एवढेंच लिहिलें.