पालेगावहून लक्षद्वीपला : बोटीवरचा पहिला दिवस

माझे वडील मुंबईच्या गोदीत हमाल होते. अंबरनाथहून पहाटेची गाडी धरून जात. बोटीच्या पोटात उतरायचे, गोणी रचायच्या आणि बोट सुटण्यापूर्वी खाली यायचे, असे बत्तीस वर्षे चालले. एडन, मोंबासा, सिंगापूर ही नावे आम्हा भावंडांना शाळेच्या आधी त्यांच्या तोंडून कळली. पण चालत्या बोटीवर ते कधीच नव्हते. ते गेल्यावर आई एकदा म्हणाली, "एकदा बोटीत बसून बघितलं पाहिजे. ह्यांचा एवढा जीव कशात होता ते." म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये आई, माझी पत्नी आणि मी लक्षद्वीपला निघालो. दोन वर्षांची भिशी त्यात गेली.

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो आणि त्यासाठी पोलिसांचा दाखला. पालेगावातून पोलीस ठाण्याची पायरी आम्ही आजवर तक्रारीसाठी नाहीतर जामिनासाठी चढलो. सहलीसाठी ही पहिलीच वेळ. हवालदारसाहेबांनाही मौज वाटली.

कल्याणला मंगला एक्स्प्रेस धरली आणि दुसऱ्या दिवशी एर्नाकुळमला उतरलो. कोचीचा धक्का विलिंग्डन बेटावर आहे. इंग्रजांच्या काळात बंदर खोल करताना जो गाळ निघाला, त्याची भर टाकून हे बेट मोठे केले. तिथे साहेब रॉबर्ट ब्रिस्टो यांचे नाव सांगतात. आईने विचारले, "आणि गाळ कोणी उपसला?" मी नुसता हसलो.

आमची बोट होती 'एम. व्ही. कवरत्ती'. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये बांधलेली, सातशे प्रवाशांची. आपल्या मनात सहलीच्या बोटीचे जे सिनेमातले चित्र असते, ते इथे नाही. बेटावरच्या माणसांना ही बोट म्हणजे आपली एस. टी. कोणी कोचीच्या दवाखान्यातून आजारी माणसाला घरी नेत होते, कोणी कॉलेजातून सुटीला निघाले होते. टोपल्या, खोकी, पोरांच्या सायकली. हमाल चढउतार करीत होते. आई कठड्याला धरून त्यांच्याकडेच पाहत राहिली. भोंगा झाला तसे हमाल खाली उतरले. आईने पदर डोळ्यांना लावला. मी काही विचारले नाही.

बोट हलली ते कळलेसुद्धा नाही. धक्काच मागे सरकतोय असे वाटले. फोर्ट कोचीच्या बाजूला ती मोठमोठी चिनी जाळी दिसली, लांब बांबूंवर तोललेली. मग किनारा पुसट झाला आणि पाणी गढूळ हिरव्याचे निळे झाले. आमच्या वालधुनीचे पाणी कारखान्यांच्या सांडपाण्याने कधी लाल, कधी काळे होते. निळे पाणी आईला खरेच वाटेना. "ह्यात काय सोडलंय?" म्हणाली.

लाइफ जॅकेट कसे घालायचे ते शिकवले, त्यात तासभर हसण्यात गेला. पत्नीला मळमळू लागले. आलेपाक आणि उघडी हवा, एवढ्यावर निभावले.

दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये मराठी ऐकू आली म्हणून आनंदाने एका कुटुंबाशेजारी बसलो. गाव विचारले, नोकरी विचारली, मग आडनाव. आडनाव सांगितल्यावर बोलणे भाताच्या वाढपापुरते उरले. समुद्रात शंभर किलोमीटर आत आलो तरी हे बरोबर आलेच. आईने शांतपणे जेवण संपवले, ताट उचलले आणि डेकवर गेली.

तिथे कवरत्तीचे एक वयस्क गृहस्थ भेटले. मोडक्या हिंदीत गप्पा जमल्या. १९५१ च्या आदेशानुसार बेटावर जन्मलेले, आईबापही बेटावरच जन्मलेले असे सारे लोक अनुसूचित जमातीत येतात, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. जवळजवळ सगळे मुसलमान. मी म्हटले, म्हणजे तुमच्यात उच्चनीच नाही. ते थांबले. म्हणाले, होते. जमीनजुमला असलेले कोया, नावाडी माल्मी आणि नारळावर चढणारे मेलाचेरी. आजोबा नारळावर चढत, आज नातू कोचीत शिकतोय. मी ते आईला मराठीत सांगितले. तिने पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी पाण्यावरून उडते मासे सुळकन जाताना दिसले. आईने विचारले, "बाबासाहेब किती दिवस असे पाण्यावर होते?" मी सांगितले, १९१३ मध्ये जूनमध्ये मुंबईहून निघाले ते जुलैत न्यूयॉर्कला पोहोचले. आणि १९१७ मध्ये परतताना त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती, ती जर्मनांनी बुडवली. पुस्तके बुडाल्याचे आईला ठाऊक नव्हते. बराच वेळ ती पाण्याकडे बघत होती.

रात्री केबिनमध्ये तिने पिशवीतला बुद्ध-बाबासाहेबांचा छोटा फोटो उशाशी ठेवला आणि आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले. पुढे मिनिकॉय बेटही बघायचे होते. तिथली भाषा मालदीवच्या भाषेसारखी आहे, आणि मालदीवचे लोक बाराव्या शतकापर्यंत बौद्ध होते, तिथे स्तूपांचे अवशेष सापडले आहेत, हे मी सांगत होतो. पण इंजिनाच्या घरघरीत आईला झोप लागली होती.

पहाटे जाग आली तर ती डेकवर उभी, डोक्याला शाल.

"बेट आलं का?"

"अजून दोन तास आहेत, आई."

"मग तू झोप. मी बघते."