तोच का हा कावळा?

आमच्या गावच्या बालवाडीत पुस्तकं नव्हतीच म्हटलं तरी चालेल. मारुतीच्या देवळाची ओवरी, शेणाने सारवलेली जमीन, आणि बाईंची एक पत्र्याची पेटी. त्या पेटीत सगळं गोकुळ नांदायचं. कोळशाने काळी केलेली करवंटी म्हणजे काऊ. विटक्या परकराच्या तुकड्यात चिंध्या कोंबून शिवलेली चिऊ. वाळक्या दुधीला लुगड्याचा काठ गुंडाळला की लेकीकडे निघालेली म्हातारी तयार. मी तेव्हा चौथीत होते. सकाळी धाकट्या भावाला कडेवर घेऊन तिथे पोचवायचं काम माझ्याकडे होतं, आणि पोचवल्यावर माझा पाय काही तिथून निघायचा नाही.

बाई कोसबाडला शिकून आल्या होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मॉन्टेसोरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे यांनाच शिकवण्याची साधनं केलं. मुलं शाळेकडे फिरकत नाहीत म्हटल्यावर त्या शाळाच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी ती कुरणातही भरली. अनुताईंचं नाव घेताना बाईंचा आवाज बदलायचा. त्यांच्या पेटीतली ती करवंटी कुठून आली, हे मला फार पुढे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ वाचताना उमगलं.

गोष्ट सांगण्याची त्यांची एक रीत होती. पेटीतून आधी नुसती शेपटी बाहेर यायची, नाहीतर चोच. “कोण आलं?” पोरं ओरडायची, “कोल्हा!” की लगेच बाईंचा पुढचा प्रश्न, “कशावरून?” हा ‘कशावरून’ त्यांचा लाडका. कोल्ह्याची शेपटी झुबकेदार, लांडग्याची तशी नाही. चिऊची चोच आखूड, काऊची लांब आणि जाड. नुसतं नाव सांगून सुटका नव्हती, खूण दाखवावी लागे.

एक दिवस तहानलेल्या कावळ्याची गोष्ट निघाली. पेटीतून तीच करवंटी आली. माझा भाऊ, एरवी तोंडातून शब्द न काढणारा, उठून उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, तोच का हा कावळा? शेणाच्या घराचा?”

बाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. “तुम्हाला काय वाटतं?” म्हणून त्या मांडी घालून बसल्या. एक मुलगी म्हणाली, हा तो नव्हेच. याला खड्यांचं इतकं कळतं, तर यानं घर शेणाचं कशाला बांधलं असतं, दगडाचं नसतं बांधलं? कुंभाराचा पोरगा म्हणाला, तोच आहे, घर वाहून गेल्यावर शहाणा झाला. हा वाद कितीतरी दिवस चालला. तहानलेला कावळा बाजूला राहिला, पण बाईंना त्याची जराही घाई नव्हती. पुढे मी शिक्षिका झाले, मोठ्या मुलांना धडे शिकवले. पात्राचा स्वभाव ओळखून त्याला गोष्टीतलाच पुरावा देणं इतक्या हौसेनं मी वरच्या वर्गांतही क्वचितच पाहिलं. त्या पोरांना अजून एक अक्षर येत नव्हतं, पण ती वाचत होती, असं मी छातीठोकपणे म्हणेन.

अक्षरं आली ती याच मंडळींच्या पाठीवर बसून. बाईंनी खडूनं पाट्यांवर नावं लिहून प्रत्येकापुढे ठेवली : काऊ, चिऊ, माऊ. आठवडाभर त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की तिघांच्याही शेवटी एकच खूण आहे. मग काय! गावात जिथे म्हणून ‘ऊ’ दिसेल तिथे पोरं थांबायला लागली. दुकानाच्या पाटीवरचा ‘भाऊ’ सापडला तेव्हा दुकानदाराला बाहेर बोलावून दाखवण्यात आला. शेपट्या निरखायची सवय झालेल्या डोळ्यांना ‘प’ला शेपूट फुटलं की ‘फ’ होतो हे वेगळं शिकवावं लागलं नाही. ‘घ’ आणि ‘ध’ मात्र पुष्कळ दिवस छळत राहिले. त्यासाठी बाईंनी ताटात वाळू पसरून त्यावर बोट फिरवायला लावलं.

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती निघायची. बारकी पोरं आकडे मोजत नसत, ‘ही सरस्वती’ म्हणून हात जोडत. आमच्या घरी ‘चांदोबा’ येई. भावाला त्यातलं अक्षर कळत नसे, पण खांद्यावर वेताळ घेतलेला विक्रम दिसला की तो पान धरून ठेवायचा.

आणि दिवाळीत किल्ले. प्रत्येक ओट्यापुढे माती, दगड, गोणपाट, वर पेरलेली मोहरी. सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे, पायथ्याशी गवळण, गुहेत वाघ. बाईंनी एका वर्षी फर्मान काढलं, किल्ल्यावरच्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी काडीला लावायची. ज्याला जे येईल ते. कुणी ‘वाग’ लिहिलं, कुणी नुसता ‘म’ काढून मावळा उभा केला, ज्याला काहीच येत नव्हतं त्यानं चिठ्ठीवर पट्टे ओढले. बाईंनी एकही चिठ्ठी काढायला लावली नाही. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी त्या सगळी पिलावळ घेऊन दारोदार किल्ले बघायला निघाल्या. चिठ्ठी वाचून दाखवली की त्या घरची करंजी मिळायची. माझ्या भावानं तर बाहुल्याची तलवार पाहून ‘मावळा’ असं ठोकून दिलं. मी चिठ्ठीकडे बोट दाखवत तक्रार केली, “बाई, हा वाचत नाहीये, ओळखतोय.” बाईंनी त्याला करंजी दिली आणि “कशावरून?” म्हणून विचारलं. त्यानं आधी तलवारीवर बोट ठेवलं, मग चिठ्ठीतल्या ‘म’वर.