रामराम

कवठे महांकाळला आमचे घर मिरजेहून पंढरपूरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला होते. आजोबा सकाळपासून ओट्यावर बसत. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण त्यांना "रामराम" म्हणे आणि आजोबाही हात जोडून तितक्याच आदराने "रामराम" म्हणत. मी तेव्हा सातवीत होतो. चार बुके वाचल्याचा ताठा माझ्या अंगी नुकताच शिरला होता.

एके दिवशी मी ओट्यावर एकटाच वाचत बसलो होतो. खांद्यावर घोंगडी टाकलेला एक वृद्ध मेंढपाळ समोर थांबला आणि म्हणाला, "रामराम, बाळ." मी मान वर केली, त्याच्या मळलेल्या पागोट्याकडे पाहिले आणि पुन्हा पुस्तकात डोके घातले. तो क्षणभर घुटमळला. मग मुकाट्याने आपल्या मेंढरांमागे निघून गेला.

आजोबांनी हे दारातून पाहिले होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "त्या म्हाताऱ्याने तुला काही दिले, आणि तू ते घेतलेसुद्धा नाहीस."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला उमगला तो आषाढात. पंढरपूरला निघालेली एक दिंडी आमच्या दारी विसावली होती. मी वारकऱ्यांना पाणी देत होतो. पांढऱ्या मिशांचा एक वारकरी पाणी प्याला, "माउली!" म्हणाला आणि वाकून त्याने चक्क माझ्या पायांना हात लावला. मी दचकून मागे सरलो. तोच आजोबांचा आवाज आला, "मागे सरू नकोस. तूही वाक." मी वाकलो. त्या अनवाणी पायांवरची धूळ माझ्या बोटांना लागली. समोरच्या माणसात विठ्ठल आहे, मग त्याचे वय अन् जात कशाला पाहायची, ही वारकऱ्यांची श्रद्धा त्या धुळीने मला शिकवली.

पुढे मी इतरांची अभिवादने लक्ष देऊन ऐकू लागलो. आमच्या भागात जैन बांधव "जय जिनेंद्र" म्हणतात. मुसलमान बांधव "अस्सलाम आलेकुम" म्हणून समोरच्यासाठी शांती मागतात, आणि उत्तरात तीच शांती त्यांना परत मिळते. दूर न्यूझीलंडमधील माओरी लोक भेटताना एकमेकांच्या नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवतात. याला ते 'होंगी' म्हणतात. ताने या देवाने मातीची पहिली स्त्री घडवली आणि तिच्या नाकपुड्यांत प्राण फुंकला, अशी त्यांची कथा आहे. म्हणून होंगी करताना दोघे जण जणू एकच श्वास वाटून घेतात. "किया ओरा" या त्यांच्या शब्दांत 'तुला आयुष्य लाभो' अशी इच्छा आहे.

परंतु एक अभिवादन आठवले की मन खिन्न होते. एके काळी महार समाजातील माणसाला गावातील वरिष्ठांपुढे वाकून "जोहार, मायबाप" म्हणावे लागे. तेथे एकाने वाकायचे आणि दुसऱ्याने ताठ उभे राहायचे, अशी रीत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतून "जय भीम" हे अभिवादन पुढे आले. ते म्हणणारा आणि त्याला उत्तर देणारा, दोघांचीही मान सारखीच ताठ असते.

वारकरी दोघेही वाकतात, "जय भीम" म्हणणारे दोघेही ताठ उभे राहतात. दोन्हीकडे कोणी उंच नाही आणि कोणी ठेंगणा नाही. त्या दिवशी ओट्यावर मात्र मी उंच होऊन बसलो होतो.

त्या मेंढपाळाची मी पुष्कळ दिवस वाट पाहिली. घोंगडी दिसली की मी ओट्यावरून खाली उतरत असे. पण तो पुन्हा कधी त्या रस्त्याने आला नाही. त्याचा एक रामराम अजून माझ्याकडे देणे आहे. म्हणून आता वाटेत कोणीही भेटले, तर त्याच्या बोलण्याची वाट न पाहता मीच आधी हात जोडतो.