आमा, तुझ्या बियांची पुरचुंडी

प्रिय आमा,

तुला मराठी येत नव्हतं, आणि आता कुणी वाचून दाखवावं तर ऐकायला तूही नाहीस. तरी माझ्याच भाषेत लिहितेय. तुझ्याशी कुमाऊँनी बोलताना मी कायम अडखळायचे, आणि आजचं हे अडखळत सांगण्यासारखं नाही.

परवा चटणीसाठी कारळं भाजत होते. दाणे तडतडले आणि तुझी चूल समोर आली. लोखंडी कढईत तू भांगेचं बी असंच कोरडं भाजायचीस. मग पाट्यावर मीठ, हिरवी मिरची, पुदिना आणि वरून ते तुमचं मोठं पहाडी लिंबू. ती राखाडी चटणी पहिल्यांदा पानात पडली तेव्हा मी हात आखडता घेतला होता, आठवतं? भांग म्हणजे शिवरात्रीची नाहीतर होळीची, एवढंच मला ठाऊक. तू मला चेली, म्हणजे लेक, म्हणायचीस. म्हणालीस, "चेली, नशा फुलात असते. बी म्हणजे दूध." आणि थंडी पडल्यावर खरोखर त्या बियांचं दूध काढून दाखवलंस. वाटून, फडक्यातून गाळून गडेरीच्या रश्श्यात ओतलंस. गडेरी म्हणजे आमच्याकडच्या अळकुड्याच. पण तशी भाजी मला पुन्हा कधी जमली नाही. टरफलाची बारीक कचकच दाताखाली येते ना, तीच नसते.

गोठ्यामागची तुझी ती रांग! शेणखताच्या जमिनीत माझ्या डोक्याच्या कितीतरी वर जायची. बागेश्वरच्या वरच्या त्या गावात भाद्रपद उलटला की रात्री बोचायला लागायच्या, परसातला दोडका मान टाकायचा, आणि भांगेला तेव्हाच कुठे फुलोरा यायचा. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय ती फुलतच नाही. वास तरी केवढा! उग्र, ओल्या लाकडासारखा, मधेच कुजक्या लिंबासारखा. माझ्या खोलीची खिडकी त्याच बाजूला होती. मी नाक मुरडलं तर म्हणालीस, या वासामुळेच माकडं आणि रानडुकरं फिरकत नाहीत. मक्याचं अर्धं शेत ती खाऊन जात, भांगेला तोंड लावत नसत. बी झोडताना तुझ्या तळव्यांना राळेचा काळा थर बसायचा. साबणाने जायचा नाही. तू राखेने घासायचीस, आणि तरी संध्याकाळी केसांवरून हात फिरवलास की माझ्या डोक्याला तो वास.

मग ते दांडे ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवायचे. कुजून साल सुटली की सोलायची. माझ्या आजोळी अंबाडीचं अगदी असंच करत. अंबाडीच्या शास्त्रीय नावातच भांगेची आठवण आहे, पानं सारखी दिसतात म्हणून. हे तुला सांगितलं तेव्हा किती खूश झाली होतीस! "म्हणजे तुझी आजी आणि मी एकाच कामाच्या," म्हणालीस. त्याच सालीच्या दोरखंडाला तुझी म्हैस बांधलेली होती, आणि तो दोर तुझ्या सासूच्या हातचा असल्याचं तू सांगितलं होतंस.

मग तू ती रांग का उपटलीस, आमा? कुणीतरी येऊन भीती घातली, तुरुंगाचं नाव काढलं, आणि एका सकाळी तू सगळी रोपं मुळासकट काढलीस. बी धरायला महिना राहिला होता. मला उठवलंसुद्धा नाहीस. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. पण रागवायचा हक्क मला कुठे उरलाय? निघताना तू जुन्या साठ्यातलं मूठभर बी लुगड्याच्या तुकड्यात बांधून दिलंस, तुमच्या मातीत टाकू नको, चटणी करून आईला खाऊ घाल म्हणालीस. काठगोदामला फलाटावर पोलीस दिसले आणि मी ती पुरचुंडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. तुझ्या पत्रात विचारलं होतंस, आईला आवडली का. मी "हो" लिहिलं.

कायदा मी पुढे वाचला. 1985चा. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. त्यांच्यापासून वेगळं केलेलं बी त्यात मोडतच नाही. लागवडीला मनाई आहे, पण धाग्यासाठी आणि बियांसाठी सरकार मुभा देऊ शकतं, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. 2018 मध्ये तुझ्या उत्तराखंडने ती दिलीही, देशात सगळ्यांत आधी. पण अट अशी की नशेचं द्रव्य 0.3 टक्क्यांच्या आत हवं. तळव्यांना काळा थर बसवणारं तुझं बियाणं त्यात कुठून बसणार? तुला तर त्यातली चटणी हवी होती आणि दोर हवा होता.

मी आता वेरूळपासून तासाभरावर राहते. 2016 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये एक शोधनिबंध आला. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेचे तुकडे सापडलेत. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि तिथली चित्रं किड्यांनी पोखरली. वेरूळचा गिलावा वाचला तो भांगेमुळे, असं संशोधकांचं म्हणणं. ते वाचून मी मुद्दाम गेले. एका खांबाला चिकटलेल्या पोपड्याजवळ बराच वेळ उभी राहिले. वास कसला येणार, दीड हजार वर्षांनी? तरी वाकून घेऊन पाहिला.

गेल्या आठवड्यात तुझ्या नातवाचा फोन आला होता. गोठा पडलाय, पण मागे दोन रोपं उगवलीत, कुणी पेरली नाहीत. काढून टाकू का, विचारत होता. बी धरेपर्यंत हात लावू नको म्हटलंय. कार्तिकात मी जातेय. ती लोखंडी कढई तू माळ्यावर डाव्या कोपऱ्यात ठेवायचीस ना?

तुझी,
चेली