आईला घेऊन पुण्याला

गेल्या फेब्रुवारीत आम्ही उभयता आईला घेऊन पुण्याला जाऊन आलो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितले, लग्नाला चाललो आहोत. खरे सांगण्याचे धैर्य झाले नाही. आम्ही निघालो होतो वृद्धाश्रम पाहायला.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. कुर्ल्याला तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, लिफ्ट नाही. आम्ही दोघेही नोकरीला, मुलगी कॉलेजात. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत आई एकटी. दिवाळीनंतर दोनदा दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. एकदा ती मोरीत घसरली, ती आम्ही येईपर्यंत तिथेच पडून होती. हाड मोडले नाही, पण आमची झोप मोडली.

विषय आम्ही काढलाच नाही. एके रात्री आईच म्हणाली, "तुमी दोघं कुजबुजता ते मला ऐकू येतं. कुठं न्यायचं असंल ते आधी मला दावा."

कर्जतला गाडीला मागून इंजिने जोडली. बोरघाटातला हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. चढ एवढा, की सदतीस फूट पुढे जाताना गाडी एक फूट वर चढते. पुढच्या इंजिनाचा जोर पुरत नाही, म्हणून मागून रेटा द्यावा लागतो. आईला हे समजावून सांगितले. तिने विचारले, "वर गेल्यावर त्या मागच्यांचं काय करत्यात?"

"सोडवून घेतात."

"बरं हाय. घाट सरला की सोडलं."

बोगदे संपेपर्यंत आम्हांला एकमेकांकडे पाहवले नाही.

पुणे स्टेशनवरून रिक्षाने सिंहगड रस्त्याकडे निघालो. वाटेत नवी पेठेत 'निवारा' लागतो. निराधार आणि अपंगांसाठी ही संस्था डेव्हिड ससून यांच्या दानातून एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. वृद्धाश्रम हे हल्लीच्या सुनांचे पाप, असे म्हणणाऱ्यांनी ही वास्तू जरूर पाहावी. घर अपुरे पडते, हे दुःख कालपरवाचे नाही.

आम्ही गेलो तो आश्रम लहानसा. पुढे अंगण, शेवग्याचे झाड, एका खोलीत तीन खाटा. व्यवस्थापिका बाईंनी आमच्याशी बोलायला सुरुवात केली, तर आईने त्यांना थांबवले. "ऱ्हायाचं मला हाय, मला सांगा." मग तिचे प्रश्न सुरू झाले. रातीला दाराला बाहेरून कडी घालता का? कालवणात तिखट असतं का? माझी पेन्शन माझ्याच हातात ऱ्हाईल ना? वडिलांच्या मागे आईला महापालिकेचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते.

बाईंनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. स्वतः उठून आंघोळ करणाऱ्यालाच इथे प्रवेश मिळतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घेत नाहीत, कारण तेवढी माणसे नाहीत. आम्ही दचकलो. अगदीच उठवेनासे झाले की मग पाहू, असे आम्ही धरून चाललो होतो. तोवर हे दार बंद झाले असते!

अंगणात साताऱ्याकडच्या एक आजी भेटल्या. म्हणाल्या, "मुलानं दवाखान्यात जाऊ म्हणून आणलं. चार वर्षं झाली. इथं मला काही कमी नाही. पण राग जात नाही. जागेचा नाही हो, फसवल्याचा." लग्नाची थाप मारून निघालेले आम्ही मान खाली घालून ऐकत राहिलो.

वाचकहो, वेळ कधी आली हे कसे ओळखावे, असे आम्हांला आता पुष्कळजण विचारतात. आम्हांला उमगले ते एवढेच. आपण थकलो, ही ती वेळ नव्हे. आई एकटी असताना तिच्या जिवाला धोका आहे, आणि तरीही ती स्वतःच्या पायांनी जाऊन, पाहून, हो किंवा नाही म्हणू शकते, ती वेळ. जागा दोनदा पाहावी, त्यातली एकदा जेवणाच्या वेळी. आजारपणात कोण नेणार, अनामत परत मिळते का, हे लेखी घ्यावे. आश्रमात ठेवले म्हणजे जबाबदारी संपत नाही. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ हे मुलांचे कर्तव्य आहे आणि उपेक्षा झाल्यास ते न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात. पण दर रविवारी भेटायला जाण्याचा कायदा नाही. तो आपणच करायचा.

परतीच्या गाडीत आई बराच वेळ गप्प होती. लोणावळा मागे पडल्यावर म्हणाली, "जूनमधी म्हैनाभर ऱ्हाऊन बघते. पटलं तर ऱ्हाईन, न्हाय तर परत. माझी खाट मोडायची न्हाय."

आम्ही कबूल केले. जूनमध्ये ती पायऱ्या उतरेल ती आमचा हात धरून, पण स्वतःच्या मर्जीने. पुढचे तीच ठरवील.

घरी आलो तर शेजारच्या मावशींनी विचारले, "काय, लग्न कसं झालं?"

आम्ही काही बोलायच्या आत आई म्हणाली, "लगीन कसलं? माजी जागा बघाया गेलो होतो."