परसातले जादा कोंबडे

अंडी रवणीला बसविणाऱ्या गृहिणीच्या मनात कोंबड्या असतात. एकविसाव्या दिवशी टोपलीतून बाहेर पडतात ते मात्र निम्मे कोंबडे. तेरा अंड्यांतून अकरा पिले निघाली तर त्यांत पाच-सहा नर असणार हे धरूनच चालावे. एखाद्या वर्षी दैव अनुकूल असले तर तीनच निघतात, आणि दुसऱ्या वर्षी आठ निघून सृष्टी आपला हिशेब पुरा करून घेते. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुष्कळ झाला. उरलेल्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न पिले मुठीएवढी असताना कोणी विचारीत नाही. ती चार-पाच महिन्यांची होऊन एकमेकांच्या तुऱ्यांतून रक्त काढू लागली म्हणजे तो आपोआप अंगणात उभा राहतो.

बाजारातून वाढत्या तलंगा विकत आणल्या की हा प्रश्न टळला, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो टळत नाही, दृष्टीआड होतो. जेथे अंड्यांच्या जातीची पिले यंत्राने उबवितात तेथे नर पिलू सामान्यतः पहिल्याच दिवशी वेगळे काढून मारण्यात येते. कारण ते अंडी देत नाही, आणि मांसासाठी वाढविणे परवडत नाही. जर्मनीने ही चाल २०२२ च्या आरंभी कायद्याने बंद केली, व पुढील वर्षी फ्रान्सनेही तेच केले. तथापि दहा तलंगा घरी आणणाऱ्याच्या वाट्याचे दहा कोंबडे बहुधा कोठे तरी मेलेलेच असतात. त्याने ते पाहिलेले नसतात, इतकेच.

मॉरिशसच्या ऊसमळ्यांत करारावर आलेल्या पिढ्यांना असे दृष्टीआड करणे शक्यच नव्हते. १८३४ पासून जी माणसे या बेटावर उतरली, त्यांत मुंबई बंदरातून आलेली रत्नागिरीकडील कुटुंबे होती. पुरुषाला महिना पाच रुपये आणि तांदूळ, डाळ, मीठ यांचा शिधा. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. अशा संसारात गाय, बकरी आणि चार कोंबड्या हीच घरची पेढी. पुढे १८७० नंतरच्या दशकांत मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकण्यास काढल्या, तेव्हा ज्यांनी ते तुकडे घेतले त्यांच्या गाठोड्यातील काही नाणी दूध आणि अंडी विकून आलेली असली पाहिजेत, असे मानावयास हरकत नाही. त्या घरांत जादा कोंबडा हा प्रश्नच नव्हता. कोकणात गावच्या राखणदाराला कोंबड्याचा मान द्यावा, पाहुणा आला तर त्याच्यासाठी एक कापावा, ही रीत पूर्वजांच्या हाडीमाशी भिनलेली होती. ती माणसे फार दयाळू होती असे नव्हे. मात्र अंडे रवणीला घालताना त्यातील निम्म्याचा शेवट त्यांना ठाऊक असे, आणि तो आपल्याच हाताने करावयाचा आहे हेही ठाऊक असे.

आता घरे जवळजवळ आली. मोर्सेलमाँमधील दोन परसांच्या मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला शेजारी. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही, ही म्हण सर्वांना पाठ आहे. परंतु झाकलेला कोंबडा आरवावयाचाही राहत नाही, हा तिचा दुसरा अर्धा भाग अनुभवाने कळतो. जपानातील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, पहाटेचे हे आरवणे उजेडावर अवलंबून नाही. कोंबड्याच्या देहातच एक घड्याळ आहे आणि सतत मंद प्रकाशात ठेवले तरी ते चालूच राहते. २०१५ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली: कळपातील थोरला कोंबडा प्रथम आरवतो आणि बाकीचे मानाच्या क्रमाने त्याच्यामागून. म्हणजे परसात पाच कोंबडे असले तर शेजाऱ्याला पाचही जणांची हजेरी ऐकावी लागते, तीही उतरत्या क्रमाने! फ्रान्सच्या ओलेराँ बेटावरील एका कोंबड्याचे हे भांडण न्यायालयात गेले, आणि २०१९ च्या सप्टेंबरात निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला. त्याचे नाव होते मोरीस. फ्रेंच भाषेत हेच या बेटाचे नाव. इकडच्या कोंबड्यांनी त्या निकालावर भिस्त ठेवू नये.

आरवणे सोसता येते. मारकेपणाचे तसे नाही. कोंबडे जास्त झाले म्हणजे प्रथम हाल होतात ते कोंबड्यांचे. त्यांच्या पाठीवरची पिसे झडून कातडी उघडी पडते, त्या खुराड्याबाहेर येण्यास धजत नाहीत, आणि अंडी कमी होतात. नरांना निराळ्या कुंपणात, कोंबड्या नजरेस पडणार नाहीत असे ठेवले तर ते आपापसांत बरेच शांत राहतात. ज्याला जागा आहे त्याने काही महिने ते करून पाहावे. मात्र त्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य घालू नये. त्यातील जादा चुना नरांच्या मूत्रपिंडांना बाधतो.

ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील एका आजींनी या साऱ्याचा बंदोबस्त पंचांगाने केलेला आहे. त्यांच्या घरी श्रावण पाळतात, गणपती येतात, आणि महाशिवरात्रीला गंगा तलावाची वाट धरणाऱ्यांच्या घरात आधी कित्येक दिवस मांस शिजत नाही. अंडी मन मानेल तेव्हा रवणीला घातली, तर नेमके उपासतापासाच्या दिवसांत कोंबडे वयात येतात आणि सुरीला हात लावता येत नाही. म्हणून आजी उलट मोजतात. महाशिवरात्र आटोपली की मार्चच्या आरंभी अंडी बसवावयाची, महिनाअखेरीस पिले, जुलैच्या मध्याला कोंबडे सोळा आठवड्यांचे, आरवण्याचा गळा नुकता फुटू लागलेला आणि पायामागचा काटा नुसता कणीएवढा. श्रावण लागण्यापूर्वी त्यांचा निकाल लागतो. दुसरी रवण विसर्जनानंतर; तिचे कोंबडे नव्या वर्षाच्या मेजवानीला येतात, अंगाने लहान पण कोवळे. एवढ्या हिशेबाने गेली कित्येक वर्षे त्या परसात एका वेळी एकच मोठा कोंबडा राहत आलेला आहे.

हा हिशेब एकदाच मोडला, तो नातीच्या हट्टामुळे. रवणीतील एक पिलू इतरांच्या दोन दिवस मागून निघाले. आई त्याला घेईना, म्हणून नातीने ते स्वयंपाकघरात खोक्यात वाढविले. त्याचे नाव तिने राजा ठेविले. जुलैत त्याची पाळी आली तेव्हा ती त्याला कवटाळून बसली, आणि आजी विरघळल्या. हाताळून वाढविलेला नर पुढे सर्वांत मारका होण्याचा संभव असतो. कारण माणसाचे भय त्याला कधी वाटलेलेच नसते, आणि वयात आल्यावर तो माणसालाही आपल्यासारखाच एक कोंबडा समजतो. आजींना हे ठाऊक होते. तरी नातीच्या डोळ्यांतील पाण्यापुढे पुष्कळांची जाण वाहून जाते.

वर्षभरात राजा देखणा झाला: मानेवर सोनेरी झालर, शेपटीला हिरवी झाक, पायामागे इंचभर काटा. शिकारी पक्षी दिसताच तो असा ओरडे की कोंबड्या क्षणात पेरूखाली जात. परंतु पंख जमिनीला घासत तिरपा तिरपा चालत तो माणसांवरही येऊ लागला. पळणाऱ्याच्या मागे कोंबडा लागतो आणि एकदा पळविले की अंगण आपलेच समजतो, म्हणून आजींनी साऱ्यांना जागच्या जागी उभे राहण्यास शिकविले. त्या स्वतः त्याला काखेत धरून, तो मान टाकीपर्यंत परसातून फिरत. काट्याचे टोक घासून बोथट केले. मोठ्या माणसांपुरता याचा गुण आला. चार वर्षांच्या नातवाला मात्र स्थिर उभे राहा असे सांगून काय होणार!

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी तो दूर्वा आणण्यासाठी परसात गेला, आणि राजा त्याच्या तोंडावर उडाला. डोळ्याच्या खाली अर्ध्या बोटावर जखम झाली. दवाखान्यात टाके पडले, धनुर्वाताची सुई टोचली. संध्याकाळी आजींचा मुलगा परतला तो सरळ खुराड्याकडे निघाला.

“अरे, उद्या गणपती यायचे आहेत,” आजी म्हणाल्या.

“आई, त्याने पोराचा डोळा फोडला असता!”

“म्हणून तर त्याला आज झाकायचा. कापायचे ते नंतर. आणि रागाने तर मुळीच नाही.”

राजाला जाळीच्या पेटाऱ्यात घालून परसाच्या टोकाला ठेवण्यात आले. पाच दिवस आरती चालली आणि पाचही दिवस पहाटेच्या भजनाला त्याने साथ केली. भजनी मंडळी हसत, घरचे कोणी हसत नसे. याच पाच दिवसांत त्याच्यासाठी सल्लेही पुष्कळ आले. कोणी म्हणाले, पुढच्या गावच्या आत्याबाईंना द्या. आजींनी विचारले, त्यांच्या घरी लहान मूल नाही काय? कोणी झुंजी लावणाऱ्याचे नाव सुचविले; आजींनी तो विषयच पुढे जाऊ दिला नाही. एका शेजाऱ्याने सोपा मार्ग सांगितला: रात्री उसाच्या कडेला सोडून द्यावा. हा सोपा मार्ग या बेटावर फार चोखाळला जातो, आणि त्यास दया म्हणण्याचीही पद्धत पडली आहे. खुराड्यात वाढलेल्या पक्ष्याला उसात मुंगसे आहेत, ती १९०० च्या सुमारास उंदरांसाठी आणून सोडलेली. रस्त्यावर मोटारी आहेत आणि भटकी कुत्री आहेत. सोडणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात, एवढाच काय तो फरक.

“आजी, त्याला असाच एकटा ठेवला तर?” नातीने विचारले.

“ठेवू की. तो आणखी पाच-सहा वर्षे जगेल. रोज दाणापाणी तू घालायचेस, पेटारा तू झाडायचास. बघ तुला काय वाटते ते.”

नातीने ते केले. तांदळाचा दाणा टाकला की राजा तो चोचीत धरून खाली टाकी, पुन्हा उचली, आणि कोंबड्यांना खावयास बोलाविताना कोंबडा जो टुक्-टुक् आवाज काढतो तो काढीत राही. दुसऱ्या टोकाच्या कोंबड्या क्वचित मान वर करीत. दाणा तसाच पडून राही. जाळीला घासून त्याच्या छातीवरची पिसे जाऊ लागली होती. चौथ्या दिवशी नातीने आजींना काही विचारले नाही. तिने होकार दिला असे कोणी म्हणू नये. तिने विचारणे थांबविले.

विसर्जनानंतरच्या दुसऱ्या दिवशी, उजाडण्यापूर्वी, मुलाने त्याला पेटाऱ्यातून काढले. रात्री त्याला फक्त पाणी ठेवले होते. आजींची बोटे संधिवाताने वळेनाशी झाली होती, आणि चाळीस वर्षांच्या मुलाने आजवर कोंबडी पाहिली होती ती बहुधा दुकानातल्या पिशवीत. त्याला सारे सांगावे लागले: पंख फडक्यात गुंडाळ, डोके खाली कर म्हणजे तो शांत होईल, सुरीला धार आहे ना ते आधी नखावर पाहा, हात एकदाच आणि न थांबता. पाणी कढत असावे पण उकळते नसावे, नाही तर पिसांबरोबर कातडी येते. पाच दिवसांपूर्वी ज्याचे हात संतापाने कापत होते, त्याचे हात आता निराळ्याच कारणाने कापत होते. काम मात्र त्याने नीट केले. नंतर तो बराच वेळ मागच्या पायरीवर बसून होता, आणि आजींनी त्याला चहा तेथेच नेऊन दिला.

दीड वर्षाच्या कोंबड्याचे मांस चिवट. आजींनी ते एक रात्र झाकून ठेविले, आणि दुसऱ्या दिवशी भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात तीन तास मंद आचेवर शिजविले. नातीने त्या दिवशी भात आणि डाळ खाल्ली. तिला कोणी आग्रह केला नाही.

पुढल्या मार्चमध्ये अंडी रवणीला बसविली तेव्हा दिनदर्शिकेवर जुलैची तारीख तिनेच मोजून लिहिली. त्या रवणीतून पाच कोंबडे निघाले. त्यांतील चार श्रावणापूर्वी गेले. पाचवा दिसावयास साधाच आहे, शेपटीही तोकडी. परंतु माणूस जवळ आले की तो दोन पावले मागे सरतो आणि दाणा सापडला की कोंबड्यांना हाक घालतो, एवढ्यासाठी आजींनी त्याला ठेविले आहे.